सपाटीचा दाखला

अंतरवाली सराटीच्या पट्ट्यात जुन्या माळवदाच्या घराची फरशी एका अंगाला उतरलेली असते, आणि ते रास्तच आहे. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाचा एक कोपरा खचतो, दुसरा जागचा हलत नाही. मातीलाही मत असतं. मिस्त्री मात्र पाणी भरलेली लेव्हलची नळी दोन भिंतींना लावतो, चार बोटं फरक दाखवतो आणि म्हणतो, "फरशी उखडा, मुरूम भरा, धुमसून घ्या." काय हा उतावीळपणा! खाटेच्या दोन पायांखाली विटा सारल्या की झोपणारा सपाटच.

याहून भक्कम उपाय शासनाकडे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये, याच गावी मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू असताना, निजामकालीन कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आता फरशीचंही दप्तर काढावं. निजामाच्या काळी ती सरळ होती, अशी मोडीत एक ओळ सापडली की वारसाहक्काने आजही सरळ! तहसीलदारांनी तसा दाखला द्यावा. ज्यांची नोंद सापडणार नाही, त्यांनी चुलत्याच्या फरशीचं शपथपत्र जोडावं.

अर्जासोबत घरंगळणारी गोटी जोडू नये. ती पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाणार नाही.