आहे का कोण घरात? नवशिक्यांसाठी घरबसल्या पोर्ट स्कॅन

साहित्य: एक लॅपटॉप, एक राऊटर (पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चालेल) आणि मुंबईतल्या पुतण्याचं गावातलं बंद घर. मंडणगड तालुक्यात तिन्ही सहज मिळतात. चौथी वस्तू वीज. ती येईल तेव्हा सुरुवात करा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पोर्ट म्हणजे बाणकोट नव्हे. तिथे सावित्रीच्या मुखावर किल्ला होता, खाडीत कोण शिरतंय ते वरून दिसत होतं, आणि तरीही १७५५ साली इंग्रज शिरले आणि किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणू लागले. आपलं पोर्ट म्हणजे संगणकाचं दार. घराला पुढचं दार, मागचं दार, पडवीचं दार. संगणकाला ० ते ६५,५३५. एवढी दारं कोण झाडतं, असं विचारू नका.

१. एनमॅप नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. १९९७ पासून फुकट मिळतं. २००३ च्या ‘मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये ट्रिनिटी हेच वापरते, तेव्हा पडदा काळा आणि अक्षरं हिरवी ठेवा. निकालात फरक पडत नाही, पण चहा घेऊन आलेलं माणूस दारातच थबकतं.

२. तत्त्व समजून घ्या. तुम्ही एकेका दारावर थाप मारून विचारता, ‘आहे का कोण?’ आतून ‘आहे, या’ आलं तर दार उघडं. ‘इथे कोणी नाही, जा’ आलं तर बंद. (कोणी नाही हे सांगायला कोणीतरी आहे, याचा विचार करू नका, डोकं दुखतं.) काहीच उत्तर आलं नाही तर मध्ये फायरवॉल आहे, असं समजायचं. मंडणगडात याचा अर्थ लाइट गेले असाही होतो. दोन्हींत फरक करायची सोय एनमॅपमध्ये नाही, खिडकीतून समोरच्यांचा पंखा बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘या’ म्हटल्यावर आत जायचं नाही, पळून जायचं. बेल वाजवून पळणाऱ्या पोरांना आपण फटके देतो. तेच संगणकावर केलं की त्याला सिन स्कॅन म्हणतात आणि त्याचे पगार मिळतात.

३. पत्ता ठरवा. ‘माझा आयपी काय’ असं इंटरनेटला विचारा आणि येईल तो आकडा तपासा. मोबाइल डेटावर असाल तर तो बहुधा तुमचा नसतोच. कंपनीने एकच पत्ता कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. म्हणजे एसटी स्टँडची कडी हलवून बघायची आणि आपलं घर भक्कम असल्याचं जाहीर करायचं. हेही जमत नसेल तर आपल्या लॅपटॉपवरून आपलाच लॅपटॉप तपासा. माजघरात बसून आतून दार वाजवायचं आणि आपणच ‘या’ म्हणायचं. मोठमोठ्या कचेऱ्यांत असं चालतं, तुम्हीच कशाला लाजायचं?

४. सगळी दारं तपासायचा हट्ट धरू नका. एनमॅप आपण होऊन फक्त नेहमीची हजार तपासतं. यूडीपी नावाची दुसरी जात तर आणखी आळशी. बरीच यंत्रं सेकंदाला एकच नकार पाठवतात, त्यामुळे सगळ्या दारांना अठरा तासांहून जास्त लागतात. पावसाळ्यात सलग अठरा तास वीज राहिली तर स्कॅन सोडा आणि आधी पाण्याची टाकी भरून घ्या.

५. ‘यंत्र बंद दिसतंय’ असा निरोप आला तर तो अंतिम माना. यंत्र चालू असून फक्त हाकेला ओ देत नसेल, असंही होतं. त्यासाठी पर्यायही आहे. पण मग दुपारी ओटीवर डाराडूर झोपलेल्या काकांना तीनदा हाक मारून बांबू आणायला निघण्यातली मजा गेली.

६. परवानगी घ्या. दुसऱ्याच्या यंत्रणेशी विनापरवाना खेळ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ पर्यंत नेऊ शकतो. तिथे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची सोय आहे. पुतण्याने व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवला, एवढं पुरे.

७. आता पुतण्याचं घर. गणपती आणि शिमगा सोडला तर बंद. पुढच्या दाराला गोदरेजचं कुलूप, किल्ली तुमच्या ओटीवरच्या खिळ्याला. आत माजघरातल्या कपाटावर कॅमेऱ्याचा डीव्हीआर, त्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय, मागे पाल. खोक्यावर बसवणाऱ्या पोराने मार्करने पासवर्ड लिहून ठेवलाय: अॅडमिन, एकदोनतीनचार. मुंबईतून घर दिसावं म्हणून पुतण्याने जादा पैसे भरून स्वतंत्र आयपी घेतलाय. स्कॅन करा. ८० उघडं. ५५४ उघडं, तिथून चित्र जातं. २३ सुद्धा उघडं. ते कशाला, हे बसवणाऱ्यालाही माहीत नाही.

अभिनंदन! २०१६ साली मिराय नावाच्या किड्याने जगभर हेच तेविसावं दार ठोठावलं. असले साठेक पासवर्ड पाठ करून त्याने लाखो कॅमेरे आणि राऊटर फितवले, आणि ऑक्टोबरात त्या फौजेने ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास आडवे केले. तुमचा पुतण्या कुठल्या कुठे पोचलाय बघा.

सापडलेलं दार बंद करायची घाई मात्र नवशिके करतात. बसवणाऱ्याला फोन केलात तर तो म्हणेल, “काका, ता बंद केलात तर मुंबईत काय दिसायचा नाय.” पटतं. थोरामोठ्यांचीही हीच रीत. ४४५ या दाराची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ती न केलेल्यांकडे जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा किडा त्याच दारातून पसरला, जहाजांची मर्स्क कंपनी बसली आणि न्हावाशेव्याचं तिचं टर्मिनल ठप्प झालं. पोर्टाने पोर्ट बंद पाडलं. बाणकोटशी गल्लत करणारे अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचे.

८. अहवाल छापा. रंगीत. लाल रंग दिसेल एवढा मोठा. लॅमिनेशन करून डीव्हीआरसमोरच्या भिंतीवर, कॅमेऱ्यात नीट येईल असा लावा, म्हणजे पुतण्याला मुंबईत बसून वाचता येईल. बाकी ज्यांना ज्यांना दिसतंय, त्यांचीही सोय होईल.