बांधावरचे अण्णा

प्रत्येक गावात एक अण्णा असतात. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे आबा, कुठे बापू, उद्योग एकच. बांध कोरणे. गाव त्यांना पाठीमागे 'बांधकोऱ्या' म्हणतं आणि समोर आले की "या अण्णा, चहा घ्या" म्हणतं. कारण अण्णांचं रान कुणाच्या ना कुणाच्या रानाला लागून असतंच आणि नांगरटीचे दिवस काही फार लांब नसतात.

अण्णांना चोर म्हणणं अन्यायाचं होईल. चोर रात्री येतो. अण्णा भर उन्हात, चार माणसांदेखत जमीन घेतात. ट्रॅक्टरवाल्याला ते तोंडाने काही सांगत नाहीत. बांधाला पाठ लावून उभे राहतात आणि पंजा हलवत 'ये, ये, अजून ये' करतात. फाळ बांधाच्या कडेत वीतभर शिरला की पंजा थांबतो. एक तास जास्तीचं पडतं. बांधावरची हराळी मुळांसकट उताणी होऊन ढेकळांत मिसळते आणि पुढच्या पावसाआधी ती जागा अण्णांच्या सात पिढ्या कसत असल्यासारखी दिसू लागते.

"अण्णा, बांध जरा बारीक झाल्यासारखा वाटतोय," शेजारी चाचपडत म्हणतो.

अण्णा बांधाकडे काळजीने बघतात. "खचतोय बाबा. काळं रान हाय. पावसाळ्यात निम्मा वाहून जातो. तुझ्या बाजूनं जरा माती लाव की."

हिशेबाला अण्णा पक्के. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. बांध जर ३३० फूट लांब असेल तर तो तीन फूट चार बोटं सरकला की एक गुंठा घरात आला. वर्षाला अर्धा फूट धरला तर साडेसहा वर्षं. अण्णांना घाई नसते. वडिलांनी सुरू केलेलं काम ते पुढे चालवत असतात आणि मुलगा अजून दुचाकीवरच जास्त दिसतो, एवढीच काय ती चिंता.

बांधावरच्या बाभळीबद्दल त्यांचं धोरण स्वच्छ आहे. सावली पिकावर पडते तेव्हा बाभूळ शेजाऱ्याची. सरपणाला तोडायची वेळ येते तेव्हा ती आजोबांनी लावलेली. हद्दीच्या दगडाचंही तसंच. तो दगड वर्षानुवर्षं एका जागी बसून कंटाळतो आणि अधूनमधून शेजाऱ्याच्या रानात चार पावलं फिरून येतो. गंमत अशी की तो परत कधी येत नाही.

मग पुण्याहून पुतण्या येतो. जमीन वाटणीत आलेली, आणि गावी येणं फक्त यात्रेला. तो मोबाईल पुढे करतो. "अण्णा, हा बघा सातबारा. आमचं क्षेत्र एक हेक्टर वीस आर."

"हाय की. कोण नाही म्हणतंय? माझाबी सातबारा हाय."

इथे पुतण्या फसतो. सातबारा जमीन किती ते सांगतो, कुठून कुठपर्यंत ते सांगत नाही. ते सांगतो भूमी अभिलेखचा नकाशा, आणि तो पुतण्याने जन्मात पाहिलेला नसतो. अण्णांना मात्र सगळं पाठ. १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले. तेव्हा जिथे जुना सर्व्हे नंबर सोयीचा तिथे अण्णा सर्व्हे नंबर बोलतात, जिथे गट सोयीचा तिथे गट. महसूल संहितेचं कलम १४३ तर त्यांच्या जिभेवर. हद्दीवरून शेतात जायला रस्ता मागता येतो तो या कलमाने. स्वतःच्या अंगाचा बांध खाऊन संपला की अण्णा तहसीलदारांकडे अर्ज टाकतात: मला माझ्या रानात जायला वाट उरलेली नाही, तरी शेजाऱ्याच्या बांधावरून मिळावी.

इंग्रजीत ज्याला टेरिटरी म्हणतात, त्या शब्दाचा जन्मच मुळी अण्णांसारख्यांच्या शेजारी झाला असावा. मूळ लॅटिन 'टेरिटोरियम'. पॉम्पोनियस नावाच्या रोमन कायदेपंडिताने दुसऱ्या शतकात त्याची व्याख्या केली: नगराच्या सीमांच्या आत जेवढी रानं येतात ती सगळी मिळून टेरिटोरियम. आपण त्याला सरळ शिवार म्हणतो. पण पंडिताने पुढे एक मखलाशी केली आहे. काही जण म्हणतात, तो लिहितो, की हे नाव पडलं कारण तिथल्या अधिकाऱ्याला आपल्या सीमेच्या आत लोकांना भेडसावून हुसकून लावायचा हक्क असतो. म्हणजे शब्द एक, आणि त्याच्यावर दोन दावेदार: 'टेरा', माती, आणि 'टेरेरे', घाबरवणं. टेररचं मूळही तेच. भाषापंडितांचा कौल साधारण मातीकडे आहे, तरी दुसऱ्या दाव्याचा निकाल पुरता लागलेला नाही. आपल्याकडे हुसकून लावण्याच्या त्या हक्काला तडीपारी म्हणतात आणि तो पोलीस कायद्यात आहे. अण्णांना अर्थातच नोटीस काढावी लागत नाही. ते धोतर सावरून बांधावर उभे राहिले आणि कोयत्याने उगाच एक फांदी तोडली की पुतण्या दुपारचीच एसटी धरतो. माती आणि धाक, दोन्ही व्युत्पत्त्या त्यांनी एकाच वेळी खऱ्या करून दाखवल्या आहेत.

अण्णांवर उपाय शोधायचे प्रयत्न फार जुने. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या भांडणांचं अख्खं प्रकरण आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर लावा, असं तिथे सांगितलंय. पण सांगणाऱ्याला अण्णा ठाऊक असणार, कारण लगेच पुढे म्हटलंय की जमिनीखाली गुप्त खुणाही पुरा: दगड, हाडं, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसा, वाळू. साक्षीदारांनी तांबडी वस्त्रं नेसून, गळ्यात माळ घालून, डोक्यावर माती घेऊन हद्द सांगायची. रोमन लोकांनी तर हद्दीच्या दगडालाच देव केलं. त्याचं नाव टर्मिनस. आपण लोकल पकडतो ते टर्मिनस त्याच्याच नावाचं. दर २३ फेब्रुवारीला दोन्हीकडचे शेजारी येऊन, आपापल्या बाजूने दगडाला हार घालून नैवेद्य दाखवत. आणि नुमा राजाचा कायदा असा की जो नांगराने हद्दीचा दगड उखडेल तो देवाच्या कोपाला वाहिला गेला. तो आणि त्याचे बैलही. बैलांचा काय दोष, हे मला अजून कळलेलं नाही. आज ट्रॅक्टरवाले त्यातून सुटतात की नाही हेही विचारण्यासारखं आहे.

शिलाहार आणि यादव राजे यापुढे गेले. दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून त्यांनी गधेगाळ उभे केले. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई, आणि दान मोडणाऱ्याच्या आईच्या नावाने दगडात कोरलेली शिवी. वाचता येत नसेल त्याच्यासाठी चित्र. कोकणात असे दगड ठिकठिकाणी सापडतात. त्यांतले काही आता कुणाच्या तरी गोठ्याची पायरी होऊन बसलेत.

शेवटी पुतण्या मोजणीची फी भरतो. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. अण्णा नोटीस घेत नाहीत, पण मोजणीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी बांधावर हजर. भूकरमापक तिपाईवर यंत्र उभं करतात. अण्णा यंत्राभोवती एक चक्कर मारतात.

"साहेब, साखळी नाही का आणली? साखळीनं मोजलेलं खरं."

"अण्णा, आता यंत्रानं मोजतात."

"मग उन्हात नका ठेवू. तापलं की चुकतं ते."

साहेबांनी ज्या दगडावरून सुरुवात केली तो दगडच खोटा, असं अण्णांचं म्हणणं. खरा दगड ओढ्याकडेला होता, तो १९७२ च्या दुष्काळात लोकांनी बंडिंगच्या कामावर नेला. साक्षीदार? दोघंही वारले. तरीही दुपारपर्यंत खुणा पडतात आणि निघतं की अण्णा साडेतीन गुंठे आत आहेत. अण्णा शांतपणे टोपी झटकतात, जबाबावर 'मोजणी मान्य नाही' लिहायला लावतात आणि साहेबांना घरी जेवायला बोलावतात. मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते, तीही मान्य नसेल तर सुपर निमताना. अण्णांच्या घरात हे शब्द पोरं पाढ्यांआधी शिकतात.

गावठाणातही त्यांचा हात तसाच चालतो. आधी ओट्यापुढे एक फरशी, मग तिच्यावर पायरी, मग पायरीला आडोसा म्हणून पत्रा. केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये आली आणि ड्रोनने घरांच्या हद्दी टिपायचं ठरलं. ड्रोनला वरून दिसावं म्हणून प्रत्येकाने आपल्या मिळकतीभोवती चुन्याची रेघ मारायची होती. गाव उठेपर्यंत अण्णांची रेघ शेजारणीच्या उकिरड्याला वळसा घालून, पिंपळाच्या पारापर्यंत पोहोचली होती. गावाला चुना लावणं इतकं शब्दशः याआधी कुणाला जमलं नव्हतं.

बरं, एवढं करून पदरात काय? साडेतीन गुंठ्यांत पिकून पिकून किती पिकणार, आणि तालुक्याच्या कोर्टात वकिलाला त्याच्या कितीतरी पट गेले. मुलाने एकदा हे हिशेबासकट सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "गुंठ्याचं कुणाला पडलंय? बांध आपुन नाही सरकवला तर त्यो सरकवंल." माझ्या मते यात खोट नाही. अण्णांना जमिनीची हाव कमी आणि शेजाऱ्याची धास्ती जास्त. हुसकून लावायचा तो रोमन हक्क ते बजावतात, पण रात्री बॅटरी घेऊन बांधावर फेरी मारतात तेच.

तुमचीही गावी वाटणीची जमीन असेल, ती दुसराच कुणी कसत असेल आणि तुम्ही फक्त यात्रेला जात असाल, तर यंदा नांगरटीच्या आधी एकदा जाऊन या. सातबारा मोबाईलमध्ये राहू द्या. भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा काढून सोबत न्या. अण्णा चहाला बोलावतील. चहा जरूर घ्या, पण तो बांधावर मागवा.