परवाना एकच, मग डॉक्टरेट कशाला?

भाचीचा फोन आला तेव्हा इकडे माझी कणीक मळून झाली होती; तिकडे न्यू जर्सीत सकाळ होती. रात्रपाळी संपवून ती हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीतच बसली होती. गाडी चालवायच्या आधी बूट काढून पाय चोळत होती. "मावशी, नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं पक्कं केलंय. पण मास्टर्स करू की थेट डीएनपी, म्हणजे नर्सिंगची डॉक्टरेट? सगळे म्हणतात, पुढे डॉक्टरेटच लागणार."

हे 'पुढे लागणार' अमेरिकेत २००४ पासून ऐकू येतंय. २०१५ पर्यंत नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सच्या कामाला डॉक्टरेट हीच पहिली पायरी करायची, असा ठराव तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने त्या वर्षी केला. २०१५ आलं नि गेलं. मग नर्स प्रॅक्टिशनर घडवणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेने २०२५चा वायदा केला. तरीही मास्टर्सवाल्यांना परवाना मिळतोच आहे. सक्ती झाली ती भूल देणाऱ्या नर्सना, २०२२पासून प्रवेश घेणाऱ्यांना. त्यांची वाट वेगळी.

बाकीच्यांची परीक्षा तीच, परवाना तोच, औषध लिहून द्यायचा अधिकारही तोच. मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्य विमा योजना त्यांना डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देते, मग नावापुढे मास्टर्स असो की डॉक्टरेट.

मग जादा वर्षं आणि जादा फी कशासाठी? डीएनपीत धोरण, नेतृत्व, संख्याशास्त्र आणि एक मोठा प्रकल्प असतो. ज्यांना शिकवायचंय, विभाग चालवायचाय, त्यांना ते हवंच. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण जिला खाटेशेजारी उभं राहायचंय, तिने त्यासाठी कर्ज का काढावं? १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सुरू केला तो लहान मुलांना वेळेवर तपासणारं कुणीतरी मिळावं म्हणून. गरज आजही तीच आहे. वर्गात अडकलेली प्रत्येक अनुभवी नर्स तेवढे दिवस पेशंटला दुरावते.

भाचीला स्पष्ट सांगितलं, आत्ता मास्टर्स कर. दोन-चार वर्षं पेशंट बघ. शिकवावंसं वाटलं तर डीएनपीचं दार तेव्हाही उघडंच असेल. आणि त्या वेळी अर्ज भरण्याआधी हॉस्पिटलला एवढं विचार, फीचा किती वाटा तुम्ही उचलता?