उजळाईवाडीचे कंट्रोलर

कोल्हापुरात आज विमान उतरणार की नाही, हे हवामान खात्याच्या आधी आण्णांना कळतं. पहाटे गच्चीवर जायचं आणि तोंड जोतिबाकडं करायचं. डोंगर स्वच्छ दिसला तर ‘टायमात’. नुसता माथा दिसला तर ‘तासभर लेट’. डोंगरच गायब असेल तर जागा अंदाजानं धरून नाथाला हात जोडायचे, खाली यायचं आणि फोन लावायला घ्यायचे. ‘जावईबापूंना सांगा, आज काय खरं न्हाई. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट मिळतंय का बघा.’ हा अंदाज किती वेळा बरोबर येतो ते विचारू नये. पावसाळ्यात बऱ्याचदा येतो, पण पावसाळ्यात ‘येणार नाही’ म्हणणारा माणूस एरवीही फारसा चुकत नाही.

आण्णा विमान कंपनीत नाहीत. विमानतळावरही नाहीत. ते एस.टी.त होते, सीबीएस स्टँडवर कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी गेली. गारगोटी, गडहिंग्लज, राधानगरी या गाड्या त्यांच्या तोंडून सुटायच्या. निवृत्त झाल्यावर माणसानं बागेत जावं, हास्यक्लबात हसावं, अशी घरच्यांची अपेक्षा. पण त्याच सुमारास ‘उडान’ योजना आली. तासाभराच्या विमानप्रवासाला अडीच हजार रुपये, तेही निम्म्याच सीटांना, हे पेपरात वाचून आण्णा म्हणाले, “म्हणजे हाफ तिकीट आलं की!” आणि तिथून त्यांनी उजळाईवाडीचा विमानतळ ताब्यात घेतला. सुरुवातीला मुंबईला जे विमान जायचं त्यात १९ माणसं बसायची. आण्णांनी ते कुंपणाबाहेरून पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या वडापच्या जीपला ह्याच्यापेक्षा लोड असतो.”

तरीही विमानतळाला बाहेरच्या कुणी नावं ठेवलेली त्यांना चालत नाहीत. “राजाराम महाराजांनी १९३९ला चालू केलाय हा. तुमच्या नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन कवा झालं? २०२५ला!” असं ते मुंबईच्या पाहुण्याला ऐकवतात. मधली कित्येक वर्षं प्रवासी विमान नव्हतं, हा तपशील ते गाळतात. एस.टी.च्या भाषेत ती फेरी ‘तात्पुरती’ रद्द होती.

१० मार्च २०२४ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. दर्शनी भागाला राजवाड्याच्या धर्तीच्या कमानी, आत एसी, चकचकीत फरशी. आण्णांनी बाहेरून पाहणी केली (तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, ही त्यांची कायमची तक्रार) आणि एकच उणीव काढली. चौकशीची खिडकी कुठाय? ज्या खिडकीत डोकं घालून ‘निपाणी लागली का?’ विचारता येतं आणि आतला माणूस वर न बघता ‘लागंल’ म्हणतो, तशी खिडकी. स्क्रीनवर सगळं येतं म्हणे. पण स्क्रीनवर ओरडता येत नाही. शेवटी टॅक्सी उभ्या राहतात त्या बाजूला, सावली बघून, आण्णा स्वतःच ती खिडकी झाले.

तिथं त्यांचं खरं काम चालतं. एका सकाळी लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघालेल्या एक काकी आल्या. सोबत सोडायला घरची सात माणसं, सामान त्याहून जास्त. आण्णा उठले.

“काकी, ह्या पिशवीत काय हाय?”

“काय न्हाई ओ, जरा खाऊ.”

“खोबरं हाय?”

काकींनी लेकाकडं पाहिलं, लेकानं टॅक्सीकडं.

“सुकं खोबरं न्हाई चालत. हातातल्या पिशवीतबी न्हाई आणि खालच्या सामानातबी न्हाई. तेल असतंय त्यात, पेट घेतंय.”

“अवो, डिंकाच्या लाडवाला नेतोय! पेटवायला न्हवं!”

पण बॅग उघडावी लागलीच. वर इरकली साड्या, बाळाची दुपटी, त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी आणि तळाशी, जावयाच्या नव्या कोल्हापुरी चपलांमध्ये एकेक करून दडवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या. चपलेच्या अंगठ्यातूनसुद्धा एक तुकडा निघाला. आण्णांनी वाट्या बाहेर काढून लेकाच्या हातात दिल्या, पॉवर बँक मोठ्या बॅगेतून काढून काकींच्या पर्समध्ये ठेवायला लावली, गुडघे दुखतात असं कळल्यावर ‘व्हीलचेअर सांगा, लाजू नका, येतीया’ म्हणून एका पोराला दारापर्यंत पळवलं. मग वजन. १५ किलोला परवानगी, आण्णांनी बॅग हातात तोलून ‘अठरा’ म्हटलं. आत काट्यावर १८.२ भरली. एस.टी.च्या टपावर चढवलेल्या गुळाच्या रव्यांनी हा हात तयार केलाय, त्याला काटा लागत नाही. बॅगेतला गूळ मात्र काकींनी सोडला नाही. तीन किलोचे पैसे भरले.

त्यांचं सगळ्यात लाडकं विमान तिरुपतीचं. २०१९ला ते सुरू झालं तेव्हा आण्णांनी स्वतःच्या खर्चानं पेढे वाटले. बालाजी झाला की आंबाबाई केलीच पाहिजे, नवरात्रात देवीला तिरुपतीहून शालू येतो, म्हणजे या रूटला लोड मिळणारच, हे त्यांनी सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. विमान कोणतं आलं हे बोर्ड न वाचता कळतं, असंही ते म्हणतात: बाहेर पडणारी डोकी मोजायची. गुळगुळीत जास्त असली की तिरुपती.

मोबाईलवर नकाशात पिवळं विमान सरकताना दिसतं, तेही नातवानं शिकवलंय. ते विमान हातकणंगल्यापर्यंत येऊन वळलं की आण्णा अख्ख्या टॅक्सीस्टँडला ऐकू जाईल असं जाहीर करतात, “गाडी बेळगावला नेली!” आवाजात दुःख असतं. बेळगावला नेली याचं जरा जास्तच.

गेल्या वर्षी थोरल्यानं त्यांना हैदराबादला बोलावलं, विमानाचं तिकीट काढून. जाताना एटीआर विमानात मागच्या दारानं चढतात आणि सामान पुढं भरतात, हे त्यांनी शेजाऱ्याला न विचारता समजावलं. वजनाच्या हिशेबानं दोघांना मागं बसवलं तेव्हा ‘बरोबर हाय, बॅलन्स पायजे’ म्हणून हवाईसुंदरीला पसंती दिली. परत येताना मात्र अवघड झालं. हैदराबादचा विमानतळ अवाढव्य. तिथं आण्णांना कुणी ओळखत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. बराच वेळ चालून ते एका काउंटरवर गेले आणि सवयीनं तोंडातून गेलं, “कोल्हापूर गाडी कितीला लागती?”

त्या मुलीला काय समजलं कोण जाणे. तिनं पास बघितला, खालचं गेट दाखवलं आणि म्हणाली, “सर, बस से जाना है.”

आण्णा खाली उतरले. खरंच बस उभी होती. ते चढले, ड्रायव्हरच्या मागं दांडी धरून उभे राहिले, वळून माणसं मोजली आणि दारं लागताच तोंडानंच दोनदा टिंग टिंग केलं.

विमानाचं वर्णन ते दोन वाक्यांत उरकतात. त्या बसचं अजून चालू आहे.