उरलेल्या पाऊण वाटीचं लफडं

ऐकलंत का? धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत, नागपुरातल्या चांगल्या-चांगल्या घरांच्या फ्रिजमध्ये हल्ली काहीतरी लपवून ठेवलेलं असतं. दह्याच्या पातेल्यामागे, काचेच्या डबीत. रंग केशरी, अंग ना घट्ट ना पातळ. पाणी घ्यायच्या निमित्ताने आपण फ्रिज उघडावा, तर घरची बाई लगबगीने पुढे येऊन म्हणते, "अगं, ते काही नाही. थोडं पंपकिन उरलं आहे."

पंपकिन! हीच बाई लग्नाच्या पंगतीत कोहळ्याच्या भाजीचा वाढपी दिसला की तीन पानं आधीपासून ताटावर आडवा हात धरते. सासूबाईंनी पितरांच्या स्वयंपाकासाठी कोहळं चिरायला घेतलं की हिचं डोकं दुखायला लागतं. आणि तेच कोहळं टिनात बसून विमानाने आलं, तर त्याची उरलेली पाऊण वाटी हिला टाकवत नाही. घोर कलियुग, दुसरं काय!

(पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी गोंधळू नये. तुमचा लाल भोपळा ते आमचं कोहळं. सांडग्यांचा पांढरा कोहळा निराळा. त्याच्याकडे अजून तरी कुणाची वाकडी नजर गेलेली नाही.)

मुळात हे टिन येतं कुठून? डिसेंबरात नागपुरात दोन अधिवेशनं भरतात. एक विधिमंडळाचं, दुसरं न्यू जर्सी आणि टेक्सासहून सुटीवर आलेल्या लेकी-सुनांचं. पहिल्यात मोर्चे येतात, दुसऱ्यात बॅगा. बॅगेत बदाम, चॉकलेटं, अंगाला लावायची मलमं, आणि तळाशी थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये स्वस्तात मिळालेले हे डबे. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा त्यांचा सण. त्या दिवशी तिकडे घरोघरी कोहळ्याचा गोड पाय भाजतात. ज्या शहरात कळमन्याच्या बाजारात कोहळ्यांचे ढीग लागतात, त्या शहरात कोहळं बॅगेतून यावं! आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकलं होतं. इथे परतीच्या बॅगेत संत्रा बर्फीचे चार डबे देऊन कोहळा पदरात पाडून घेतला जातो आणि वर कौतुकाने मिरवला जातो.

आता लफड्याचं मूळ सांगते. तिकडच्या नेहमीच्या टिनात 425 ग्रॅम लगदा असतो, म्हणजे त्यांच्या मापाने साधारण पावणेदोन कप. पाय करायचा तर अख्खं टिन लागतं. लिबीज नावाच्या कंपनीच्या डब्यावर ती कृती 1950 सालापासून छापलेली असते. पण नागपुरात पाय कोण करतंय? आपल्याकडे फार तर केक, नाहीतर नातवासाठी पॅनकेक. या कृती बहुतेक एका कपावर थांबतात. उरतो पाऊण कप. सगळं महाभारत त्या पाऊण कपाचं. ज्या शहरात 2017 साली विष्णू मनोहरांनी सलग पन्नास तासांहून जास्त स्वयंपाक केला आणि त्याच वर्षी 3000 किलो खिचडी एका कढईत शिजवून दाखवली, त्या शहराला पाऊण वाटी कोहळं संपवता येऊ नये, ही काय अब्रू झाली?

आणि ते संपवण्यासाठी काय काय चाललंय म्हणता! कोहळ्याच्या पराठ्याला मी माफ केलं. कणकेत लगदा, ओवा, तिखट, वरून तूप. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. थालीपिठाच्या भाजणीत घातलं, तेही चाललं. पण वरणात? एका घरी मी स्वतः ते वरण पाहिलं. तुरीचं साधं गोडं वरण, त्यात दोन डाव लगदा घोटलेला. घरच्या काकू म्हणाल्या, "फायबर राहते ना त्याच्यात." ज्याच्यासाठी वाढलं तो नातू म्हणाला, "आजी, वरण आजारी आहे का?" त्या पोराचं भविष्य उज्ज्वल आहे.

सांबारवडीपर्यंतही हे लोण पोचलं आहे. कोथिंबिरीच्या सारणात खोबरं, खसखस आणि तिखट यांच्या पंक्तीला टिनातलं कोहळं! लगदा ओला, सारण कोरडं हवं. पुडी तेलात पडल्या पडल्या फुटली आणि कढईभर हिरवं-केशरी तरंगायला लागलं. देवाने न्याय तिथल्या तिथे केला. तर्रीपोह्याच्या तर्रीत हे घालून 'क्रीमी' करणाऱ्या बाईंबद्दल मी काही बोलणार नाही. त्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे.

एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, घरी नवे जावईबापू. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून सासूबाईंनी उरलेलं पंपकिन बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवलं होतं. युक्ती खरं तर शहाणपणाची आहे. एक-एक वडी काढून भाजीत टाकता येते आणि दोन-तीन महिने टिकते. पण मेव्हण्याने फ्रीजर उघडला, केशरी वड्या पाहिल्या आणि नागपूरकराच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. जावईबापूंच्या ग्लासात त्याने चार वड्या सोडल्या, वर थंड सरबत ओतलं आणि मोठ्या दिमाखात सांगितलं, "घ्या जीजाजी, संत्र्याचा बर्फ." जावईबापू सुसंस्कृत. घोट घेतला, थांबले, ग्लासाच्या तळाशी बसलेल्या गाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "संत्र्याची ही कोणती जात?" पुढचा अर्धा तास घरात कोणी कोणाकडे पाहिलं नाही म्हणे.

दुसरा किस्सा टिन उघडण्याचा. अख्खं कोहळं बाईने आधी चिरू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, अशी पद्धत अजून कित्येक घरांत आहे. त्रिमूर्तीनगरातल्या एका आजींनी ती टिनालाही लागू केली. सून ओपनर घेऊन सरसावली तशी आजी कडाडल्या, "काय करून राहिली तू? अख्खं कोहळं बाईनं फोडत नसते!" सून म्हणाली, "आई, हे टिन आहे." आजी म्हणाल्या, "आतमंदी कोहळंच आहे ना बाप्पा?" यावर कायद्याने काही बोलता येईना. शेवटी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमधून लेकाला उठवलं, त्याने एक छेद दिला, मग सुनेने पुढचं उघडलं. मीटिंगमधले बेंगळुरूचे लोक अजून विचारतात, तो धातूचा आवाज कसला होता?

हे झाले निरागस गुन्हे. खरा घोटाळा वेगळाच आहे. टिनं दोन प्रकारची येतात. एकात नुसता शिजवून घोटलेला गर. दुसऱ्यात तोच गर, पण पायसाठी तयार केलेला, म्हणजे साखर, दालचिनी, लवंग, सुंठ सगळं आत मिसळलेलं. दोन्ही डबे केशरी, दोन्हीवर त्याच फळाचं चित्र. बजाजनगरच्या एका घरात पितृपक्षातल्या नैवेद्याला बाजारातून कोहळं आणायचं राहिलं. उरलेलं टिन होतंच! तेलात मेथीदाणा तडतडला, लाल तिखट पडलं, गूळ पडला आणि वरून तो दालचिनीचा गोड लगदा ओतला. वास घरभर. कुणी म्हणालं, 'केक होऊन राहिला का?' नैवेद्याचं पान गच्चीवर ठेवलं. कावळा आला, बसला, मान तिरकी केली आणि शेजारच्या गच्चीवर जाऊन बसला. आता पितर कशामुळे रुसले यावर त्या घरात तीन मतं आहेत. माझं मत विचाराल तर आजोबांनी जन्मात दालचिनीची भाजी खाल्ली नव्हती.

बरं, अमेरिकेत तरी हे सगळं पवित्र आहे का? छे! तिथली भानगड आपल्यापेक्षा मोठी. स्टारबक्सची जगप्रसिद्ध 'पंपकिन स्पाइस लाटे' कॉफी 2003 साली आली, आणि 2015 पर्यंत त्यात पंपकिनचा थेंब नव्हता. नुसता मसाला. बारा वर्षं लोक दालचिनी पिऊन कोहळ्याचे गोडवे गात होते. हॅलोवीनला चेहरे कोरून दिवा ठेवतात ना, ती केशरी फळंही टिनात नसतात. टिनातलं वाण डिकिन्सन नावाचं; फिकट बदामी सालीचं, लांबोडकं, दिसायला अगदीच साधं. इलिनॉय राज्यात मॉर्टन नावाचं गाव आहे, तिथे लिबीजचा कारखाना आहे आणि अमेरिकेतलं बहुतेक डबाबंद कोहळं तिथून निघतं. 2009 साली तिथे कापणीच्या वेळी पावसाने शेतं बुडवली, तर देशभर टिनांची टंचाई झाली. आपल्याकडे कांद्यावरून सरकारं हलतात, तिकडे कोहळ्यावरून पाय हलले.

आता खरी बातमी, जरा कान इकडे करा. त्या डिकिन्सनचं शास्त्रीय नाव आहे कुकुर्बिटा मोशाटा. आणि आपल्या गोकुळपेठेच्या बाजारात चिरून, बिया दाखवत, किलोवर विकतात ते कोहळंही बहुतांशी मोशाटाच! म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, तो पंपकिन पंगतीतल्या त्या नाकारलेल्या भाजीचा सख्खा चुलतभाऊ निघाला. हे मी आमच्या भिशीत सांगितलं तेव्हा दोन बायकांनी चमचे खाली ठेवले. एकीने तर 'तरीपण इम्पोर्टेड ते इम्पोर्टेड' म्हणून मान फिरवली. भ्रमाचा भोपळा फुटला तरी काही लोकांना त्याच्या फोडी जपून ठेवायच्या असतात.

त्यातून आणखी एक नवा उद्योग निघाला आहे, आणि यावर मात्र मी हसत नाही. 'आपलंच कोहळं आहे ना, मग आपणच घोटून बरणीत भरू, वर्षभर टिकवू,' असं एकीने जाहीर केलं. बाई गं, नको. घोटलेलं कोहळं घरी डबाबंद करू नका, असं अमेरिकेचं कृषी खातंच बजावून सांगतं. लगदा इतका दाट असतो की बरणीच्या मधल्या भागापर्यंत उष्णता नीट पोचेल याचा भरवसा नसतो. त्यात आंबटपणाही नाही. मग हवा नसलेल्या जागी बोट्युलिझमचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष जिवावर बेततं. लोणच्याचा अनुभव इथे कामाचा नाही. तिथे मीठ, तेल, आंबटपणा राखण करतात. कोहळं टिकवायचं तर फ्रीजरमध्ये, नाहीतर अख्खं, सालीसकट, देठासकट, कोरड्या जागी. अख्खं कोहळं काही महिने निवांत पडून राहतं. देवाने त्याला टिन जन्मतःच दिलं आहे.

तरी ती डबी अजून फ्रिजमध्येच आहे, हे मी विसरले नाही. एका सोसायटीत तर उरलेलं पंपकिन तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर, पहिल्यावरून चौथ्यावर, 'तुला होईल बघ गं' करत फिरलं आणि आठवड्याने मूळ मालकिणीकडे परत आलं. शेवटी लॅब्राडोरला घातलं. अमेरिकेत कुत्र्यांना पोटासाठी हे देतातच, त्यामुळे त्या इमारतीत ते योग्य पोटात पडलं ते एवढंच.

आणि या सगळ्या गदारोळात जी एक गोष्ट वैदर्भीय माणसाला सर्वांत आधी सुचायला हवी, ती कुणाला सुचली नाही. बोंडं! कोहळ्याची बोंडं! यासाठी पूर्वी आपण आधी कोहळं चिरायचो, उकडायचो, घोटायचो. ती सगळी मजुरी त्या मॉर्टनच्या लोकांनी आधीच करून ठेवली आहे.

पाऊण वाटी लगदा जाड बुडाच्या कढईत घ्या. चमचाभर तुपावर मंद आचेवर परता, कारण टिनातल्या गरात पाणी भरपूर असतं आणि तेच घात करतं. कडा सुटायला लागल्या की अर्ध्या वाटीहून थोडा कमी गूळ. गूळ विरघळला की पुन्हा सैल होईल, घाबरू नका, आणखी आटू द्या. खाली उतरवून पूर्ण गार करा. मग चिमूटभर मीठ, वेलची, हवं तर जायफळ, दोन चमचे रवा आणि मावेल तेवढी कणीक. पीठ बोटांवरून जडपणे सुटलं पाहिजे. ओघळलं तर कणीक कमी, गोळा वळला तर जास्त. दहा मिनिटं झाकून ठेवा. तेल मध्यम तापलेलं हवं. फार कडकडीत असेल तर गुळामुळे बाहेरून काळी आणि आत कच्ची. गूळ सढळ पडला असेल तर बोंडं तेल पितात नाहीतर कढईत पसरतात, म्हणून पहिलं एकच सोडून पाहा. तांबूस झाली की काढा. गरम खा, गार खा, दुसऱ्या दिवशी प्रवासात खा.

आमच्या शेजारणीने परवा अशी बोंडं केली आणि अमेरिकेतल्या लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. लेक म्हणाली, "मम्मी, मी तर दर दिवाळीला इकडे हेच करते, टिनातूनच. घरी सांगितलं नाही, तुम्ही हसाल म्हणून." म्हणजे सात समुद्रापार ही पोरगी गुपचूप पितरांच्या कोहळ्याशी इमान राखून होती आणि इकडे आई वरणात 'पंपकिन' घोटत होती. यंदा तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत बडग्याचा पुतळा कुणाचा काढायचा, हे आता मंडळींनी ठरवावं.

माझी एवढीच विनंती: टिनावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. मसाला-साखर घातलेलं असेल तर त्याला फोडणी दाखवू नका. उघडलेला गर टिनातून काढून काचेच्या डबीत घाला आणि चार-पाच दिवसांत संपवा. आणि शेजारी काही पाठवायचंच असेल तर बोंडं पाठवा, डबी पाठवू नका.