ओलीचं मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. असं म्हणणारा वरच्या मजल्यावर राहत असणार. तळमजल्यावर राहता, तर त्याने यादीत ओलही घातली असती.

रत्नागिरीत ओलीची कुणी तक्रार करत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत पापडापासून पासबुकापर्यंत सगळं सादळतं. पण आमच्या माजघराची भिंत भर मे महिन्यातही ओली. खालपासून कमरेपर्यंत तपकिरी डाग, डागाच्या वरच्या कडेला पांढरा लोणा, त्यावर रंगाचे पोपडे. नुसतं बोट लावलं तरी गिलावा रव्यासारखा भुरभुर गळायचा. रोज सकाळी केर काढताना थोडं घरही सुपलीत जायचं.

मग जाणकार आले. रंगारी म्हणाला, "दादा, आधीच्याने पुट्टी हलकी वापरली." आधीचा म्हणजे तोच. हे तो विसरला होता, आमची ही विसरली नव्हती. प्लंबरने भिंतीला कान लावला आणि आतली लाइन फुटल्याचं निदान केलं. त्याने छिन्नी काढायच्या आत मी एका रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी आकडा जागच्या जागी. प्लंबर मीटरवर नाराज होऊन गेला. वॉटरप्रूफिंगवाल्याकडे दोन टोच्यांचं यंत्र होतं. भिंतीत टोचल्याबरोबर ते किंचाळलं. ही यंत्रं मुळात लाकडातला ओलावा मोजायला केलेली, आणि विजेचं वहन बघून बोलणारी. त्यांना पाणी काय आणि मीठ काय, सारखंच. लोणा लागलेल्या भिंतीवर ती किंचाळायचीच. भिंतीला ओळीने भोकं पाडून केमिकल भरायचा खर्च त्याने सांगितला, तेव्हा तसाच आवाज माझ्याही तोंडून निघाला. वास्तुवाले म्हणाले, ईशान्येला भार आहे. आम्ही कपाट सरकवलं. कपाटामागेही ओल होती.

प्रत्येकाच्या पिशवीत जे सामान, तेच ओलीचं कारण. सुदैवाने सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणारी भाची सुट्टीला आली, तिच्याकडे विकायला काही नव्हतं. तिने पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी टेप लावून चिकटवला. दव खोलीकडच्या बाजूला आलं तर ओल हवेतली, भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतली. दोन दिवसांनी फॉइल सोडवला, तर मागून घामेजलेला.

"मामा, आता बाहेरून बघू."

बाहेर त्या भिंतीला लागून आईचा वाफा. अबोली, मोगरा आणि मधोमध अनंत. आमचं जोतं दीड फुटाचं. जोत्याच्या माथ्यावर पाणी अडवायला एक थर घालतात, त्याला गवंडीही डीपीसीच म्हणतात. जमिनीतली ओल तिथे थांबते. पण वाफ्यात दरसाल शेणखताची पाटी आणि पालापाचोळा पडून माती चढत चढत जोत्याच्याही वर वीतभर गेली होती. ओलीने थर ओलांडला नव्हता. आम्ही तिला जिना बांधून दिला होता. त्यात भिंत जांभ्याची, आणि जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन वर चढवणारा. आणि आई रोज संध्याकाळी न चुकता कळशीने पाणी घालते.

"मला वाटलंच होतं," ही हळूच म्हणाली. "आई मुक्कामाला ताईंकडे पुण्याला गेल्या की डाग फिका पडायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"सासूबाई गेल्या की घर सुकतं, हे वाक्य मी कुणासमोर म्हणायचं होतं?"

शेवटी आईला नातीने सांगितलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अनंत आपल्या सासूबाईंनी लावल्याचं स्पष्ट केलं. त्यामुळे प्रकरण एक पिढी मागे गेलं आणि घरात शांतता राहिली. मिरगाच्या पावसात वाफा कुंपणाकडे हलला. अनंताची मुळं मातीच्या गड्ड्यासकट निघेपर्यंत आई खुर्ची टाकून बसली होती आणि गड्याला कुदळ धरायला शिकवत होती. भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली वीतभर उतरवली. आतला गिलावा खरवडून काढला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. वाळायला जाडीच्या इंचाला महिना असा ढोबळ हिशेब असतो. पाहुण्यांना तेवढा धीर नसतो. जो येतो तो सिमेंट थापायला सांगतो. सिमेंटने ओल जात नाही, कोंडली जाऊन आणखी वर चढते. नंतर गिलावा चुन्याचाच करायचा, हे भाची बजावून गेली आहे.

पावसाळ्यानंतर डाग गुडघ्यापर्यंत उतरला. परवा बाजारात वास्तुवाले भेटले. कुंपणाकडे गेलेल्या अनंताची बातमी त्यांना लागली होती.

"ईशान्येला भार आहे म्हटलं नव्हतं?" म्हणाले, आणि राहिलेल्या फीची आठवण केली.