लेन्स गेली, साहेब!

परभणीत कोणाच्याही घरी सीडी प्लेअर अडखळायला लागला की निदान एकच निघतं : लेन्स गेली. सांगणारा वायरमन असो, मोबाइलला काच बसवून देणारा पोरगा असो की शेजारचे निवृत्त ग्रामसेवक असोत. झाकण उघडून बघायची गरज कोणालाच वाटत नाही. आमच्या ग्रामसेवकांनी तर फाटकातूनच आवाज ऐकला आणि चपलाही न काढता निकाल दिला.

माझा प्लेअर १९९०च्या आसपासचा, मामांनी मस्कतहून आणलेला, उचलायला दोन्ही हात लागतात असा. त्या काळी मुंबईहून परभणीला यायचं तर मनमाडला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या गाडीत बसावं लागे. मनमाडच्या फलाटावर मामांनी त्या खोक्याला हमालाचा हात लागू दिला नाही. एवढी बडदास्त आपली कधी झाली नाही, असं मामी अजूनही सांगतात, आणि मामा अजूनही विषय बदलतात.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती काढून म्हणतो. आता ऐका. विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी निघाल्या त्या १७ ऑगस्ट १९८२ रोजी, जर्मनीत, हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेनच्या कारखान्यात. म्हणजे म्हणीचा पहिला अर्धा भाग सीडीने जन्मतःच पुरा केला. दुसऱ्या भागात आली आणि अडखळली.

तिचं अडखळणं ओळखायलाही कान लागतो. सिनेमाचं गाणं अडकलं तर बारकं पोरही ओरडतं. ख्यालाचं तसं नाही. बुवा एकच बोल घोळवत बसले, तर ती त्यांची तालीम की माझ्या प्लेअरचं दुखणं, हे समेवर येईपर्यंत कळत नाही. एकदा पाहुण्यांनी अशाच एका जागेला डोळे मिटून मनापासून दाद दिली. सीडी अडकली होती. मी बोललो नाही. पाहुणे सासरकडचे होते. अभंगाची सीडी 'विठ्ठल, विठ्ठल'वर अडकली आणि मी बंद करायला उठलो, तर आई म्हणाली, "राहू दे की. तेवढंच नाव कानावर पडतंय."

खरी तपासणी इथूनच सुरू होते. दर वेळी त्याच गाण्यात, त्याच शब्दाला अडत असेल तर खोट सीडीत. आज इथे, उद्या तिथे असं असेल तर खोट यंत्रात. एवढ्या एका प्रश्नावर निम्मं काम होतं, पण तो विचारायचा तर गाणं दोनदा ऐकावं लागतं, आणि निदान करणाऱ्यांना तेवढा वेळ नसतो.

सीडीवरच्या चरांवर आमच्या गल्लीत टूथपेस्टपासून केळीच्या सालीपर्यंत औषधं आहेत. मी एवढंच पाळतो : मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. सीडीवरची ओळ चक्राकार, सुमारे पाच किलोमीटर लांब. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीत चाळीसेक वेढे. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा जरा जरासा भाग खातो आणि प्लेअर तेवढं गणिताने भरून काढतो. गोल ओरखडा एकाच वेढ्याच्या मागे लागतो, तिथे गणित हात टेकतं. भाच्याने कॉम्प्युटरवर लिहून दिलेल्या सीडीची कथा आणखी वेगळी. ती किरण कमी परतवते, म्हणून जुना प्लेअर तिला बऱ्याचदा ओळखच देत नाही. शनिवार बाजारातला स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर मात्र तीच सीडी मुकाट वाजवतो. हे दुःख महागडी वस्तू बाळगणाऱ्यालाच कळेल.

मग येते ती बदनाम लेन्स. सीडी खालून वाचली जाते, म्हणजे लेन्स आभाळाकडे तोंड करून बसलेली. आणि आभाळ आमचं! एप्रिल-मेमधल्या वावटळीत काळ्या रानाची माती बंद कपाटातल्या स्टीलच्या डब्यात शिरते, तिथे ट्रेच्या फटीचं काय? हिवाळ्यात जिनिंगकडून उडणारी कापसाची पेळं वेगळीच. म्हणजे लेन्स गेलेली नसते, तिच्यावर परभणी बसलेली असते. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून हलकेच टिपून घेतली की बहुतेक वेळा उजेड पडतो. घासायची नाही; ती बारीक तारांवर तरंगत असते. ग्रामसेवकांनी आत वाकून "लाल लाइट दिसत नाही, म्हणजे गेलीच" असा दुसरा निकाल दिला, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. तो किरण ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. दिसला तर फिकट लालसर ठिपका दिसतो, आणि तो बघायला जाऊच नये. शेजारी आहेत, डोळे शाबूत राहिलेले बरे.

पुसूनही माझ्या प्लेअरची खोड गेली नाही. पहिली गाणी ठणठणीत, शेवटची आली की उड्या. शिवाय हे सगळं थंडीत सकाळी जास्त, आणि तासभर वाजल्यावर कमी. सीडी आतून बाहेर वाचतात. पहिल्या गाण्याला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, शेवटाला २००. लेन्सची गाडी रुळावरून तसतशी बाहेर सरकते. त्या रुळावरचं ग्रीस तीस वर्षांत वाळून चिकट झालं, की गाडी श्रावणातल्या काळ्या रानात रुतलेल्या बैलगाडीसारखी वागते : जागची हलत नाही, आणि हलली की एकदम चार हात पुढे. (फिलिप्सच्या काही जुन्या यंत्रांत रूळच नाहीत, तबकडीच्या सुईसारखा दांडाच फिरतो. तिथे ग्रीसला दोष देता येत नाही. सुकलेले कपॅसिटर आणि सुटलेलं सोल्डर शोधावं लागतं.)

शेवटी प्लेअर कच्छी बाजारातल्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, शेवटचं गाणं लावलं आणि लेन्सकडे न बघता रुळावरून बोट फिरवलं. बोटाला काळा गोंद आला. तो त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. परभणीत लेन्स न म्हणणारा माणूस भेटला म्हणून मला भरून आलं. बाजूचा पोरगा लेन्सजवळच्या इवल्याशा पेचाकडे स्क्रू-ड्रायव्हर नेत होता. चाचा कडाडले, "हाथ नक्को लगाव! आज गाता, कल मरता." बरोबर होतं. तो पेच पिळला की लेझरला जास्त करंट मिळतो, म्हातारा चार दिवस तरुणासारखा गातो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि मग लेन्स खरोखरच जाते. गावोगावच्या निदानाला अशा रीतीने पुरावाही मिळतो.

चाचांनी जुनं ग्रीस अल्कोहोलने खरवडून काढलं, नवं अगदी पातळ लावलं, दाते बघितले, मोटर बोटाने फिरवून पाहिली. घरी आणून शेवटचं गाणं लावलं. एक उडी नाही. ग्रामसेवक फाटकातून म्हणाले, "नवी लेन्स टाकली म्हणा की." मी मान हलवली. पुराव्यासाठी गोंद लागलेलं बोट काही मी बरोबर आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीडी बदलायला बटण दाबलं. आत घुर्रर्र झालं आणि ट्रे जागचा हलला नाही. ट्रे ओढणारा रबरी बेल्टही १९९०चाच. इतकी वर्षं ताणून ताणून सैल झाला होता, आता नुसताच घसरत होता. मी चाचांना फोन लावला.

"अंदर कौन है?" त्यांनी विचारलं.

"भीमसेनजी."

"फिर क्या जल्दी है, साब? बजने दो. बेल्ट हैदराबाद से आया तो बोलता."